वरच्या खोलीतल्या चिंध्या

नागपूर, मे महिना

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझी विदर्भ एक्स्प्रेस सुटली आणि घरी येऊन वरची खोली झाडायला घेतली. कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या बादलीत तू ब्रश पुसलेल्या चिंध्या कोंबून ठेवल्या होत्यास. हात घातला तर वरच्या नुसत्या चिकट, पण आतला बोळा तव्यावरून काढल्यासारखा गरम. तशीच बादली अंगणात नेली आणि पाणी ओतलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

रागावलो नाही, पण हे नीट समजून घे. तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता सुटते. कॅनव्हासवर थर उघडा असतो, उष्णता निघून जाते. बोळ्यात ती कोंडते, कोंडली की तेल आणखी भराभर वाळतं, आणखी तापतं. काडी न ओढता चिंध्या पेट घेतात. काम संपलं की एकेक चिंधी सुटी करून बाहेर दोरीवर टाकायची, पार कडक होईस्तोवर. नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पाण्यात बुडवून. तुमची गॅलरी बंद केलेली, आणि भिंतीपलीकडे छोटूचं अंथरूण, म्हणून म्हणतो.

बरं, हे झालं. आता चित्राचं.

फुटाळा तलावाचं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं नाही. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं, म्हणून खिडकीसमोर पण थेट ऊन लागणार नाही असं उभं केलंय. पाण्यावरच्या करड्या पट्टीत तू सुरीने रंग ओढलास आणि खालचा तांबूस थर तसाच दिसू दिलास ना, तिथे मी सकाळचा चहा घेऊन बसतो. इतकी वर्षं मुलांना शिकवलं, पण कुठे थांबायचं हे कोणाला शिकवता आलं नाही. तुला ते आपसूक कळलं.

डावीकडची झाडं मात्र चुकली. खाली आयव्हरी ब्लॅक जाड दिलास आणि त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेला तपकिरी बर्न्ट अंबर. अंबर एक-दोन दिवसांत वाळतो, काळा कितीतरी दिवस ओला राहतो. वरचा थर आधी कडक होणार, खालचा नंतर हलणार, मग भेगा पडणार. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ ठेव, तेल जवळजवळ नकोच. वर जाशील तसं तेल वाढव. लवकर वाळणारे अंबर, सिएना खाली, काळा वर. वार्निशला ६ महिने तरी थांब, त्या झाडांना वर्षभर.

टर्पेंटाइनची बरणी ब्रश बुडवण्यापुरतीच उघड. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते, आणि साधारण ३५ अंशांच्या पुढे ठिणगीने पेटू शकते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो आणि तू कूलर शेजारी लावून बसली होतीस. ब्रश आधी खायच्या तेलात घोळवून पूस, मग साबणाने धू, टर्पेंटाइन लागणारच नाही. बघ, फिरून आगीवरच आलो.

आठवीत तुला चित्रकलेच्या एलिमेंट्री परीक्षेला ए ग्रेड मिळाली होती. पुढच्या वर्षी इंटरमिजिएटचा फॉर्म आला तेव्हा गणिताची शिकवणी होती, आणि फॉर्म भरू नको असं मीच म्हणालो. चित्रकलेच्या मास्तरने, स्वतःच्या मुलीला. तू वाद घातला नाहीस, कंपासपेटीच्या झाकणावर करकटकाने पिंपळाची पानं कोरत बसायचीस. ती पेटी कपाटात आहे. या महिनाभरात तू तो विषय एकदाही काढला नाहीस, त्याचंच मला जास्त लागलं.

आत्या म्हणाली ना, ‘या वयात हे काय नवीन करून राहिली पोरगी?’ ते मनावर घेऊ नको. पॅरिसचा आन्री रूसो जकात वसूल करायच्या नोकरीत होता, १८९३ मध्ये ४९व्या वर्षी ती सोडून पूर्णवेळ चित्रं काढायला लागला. रवींद्रनाथांचं पहिलं प्रदर्शन १९३० साली पॅरिसलाच झालं, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. तू तर ४४ची. पण डिसेंबरपर्यंत १० कॅनव्हास पुरे करायचे म्हणतेस, ते मला पटत नाही. आपल्या नागपुरात जन्मलेले चित्रकार गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. घाईत थर ओले राहतात, खोली आवरायची राहते, आणि चिंध्या बादलीत जातात. आणि नोकरीच्या राजीनाम्याचं, जावईबापूंशी बोलून...

असो. मास्तरकी शिरली अंगात, माफ कर. राजीनाम्याचं तुझं तू ठरव, मी एकदा ठरवून चुकलोय.

आईने तुपाचा ५ किलोचा पत्र्याचा डबा धुऊन ठेवला आहे, झाकण घट्ट बसतं. कशाला हवा ते तिला सांगितलं नाही. दादा पुढच्या आठवड्यात तिकडे येतोय, त्याच्याबरोबर देतो. तोवर दोरीवर. आजच्या वाळत घातल्यास का, तेवढं रात्री फोनवर सांग.

तुझे,
बाबा