ईस्टर उठावातल्या दोघी

महोदय,

ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या आयर्लंडच्या १९१६ च्या ईस्टर उठावावर आपल्याकडे कधी लिहिले गेलेच, तर लेखणी पॅट्रिक पिअर्स आणि जेम्स कॉनली या उठावाच्या नेत्यांपलीकडे सहसा जात नाही. २९ एप्रिलला डब्लिनच्या मूर स्ट्रीटवर पांढरे निशाण घेऊन ब्रिटिश सैन्याला सामोरी गेली ती परिचारिका एलिझाबेथ ओ'फॅरेल. शरणागतीचा आदेश बंडखोरांच्या इतर ठाण्यांवर पोहोचवण्याचे जिवावरचे कामही तिनेच केले. पिअर्स यांच्या शरणागतीच्या छायाचित्रात ती त्यांच्या पलीकडे उभी आहे, दिसतात फक्त तिची पावले. पुढे काही ठिकाणी छापताना तीही पुसून टाकली गेली!

मार्गारेट स्किनिडर ही स्कॉटलंडमधली गणिताची शिक्षिका. डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीन या उद्यानातल्या तुकडीत ती बंदूक घेऊन लढली, तीन गोळ्या लागून जबर जखमी झाली. आयरिश सरकारने मात्र १९२५ मध्ये, कायदा पुरुषांपुरताच आहे म्हणून, तिला निवृत्तिवेतन नाकारले. ते मिळायला १९३८ उजाडले. जिथल्या स्वातंत्र्यासाठी तिने रक्त सांडले, तिथेच हे घडावे याची चीड येते.

आपल्या रविवार पुरवणीत या दोघींवर सविस्तर लेख यावा, ही विनंती.

– एक वाचक, सातारा