कुर्ता कुजला, शिलाई राहिली

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

ओला कचरा आणि जुने कपडे यांच्या खतातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पॉलिहाउसमधल्या रोपांना देण्याची बातमी काल वाचली. असं काम व्हावं, असं मला मनापासून वाटतं. पण ‘कपडेही कुजतात’ एवढ्या दोन शब्दांत तुम्ही कपड्यांचा विषय संपवलात, ते वाचून राहवलं नाही.

आमच्या सोसायटीचा खतखड्डा मी सात वर्षं सांभाळते. गेल्या वर्षी जुन्या कपड्यांचं एक बोचकं आलं, ‘सगळं सुती आहे’ असं सांगून. कुजायला नायट्रोजन लागतो आणि सुती कापडात तो जवळजवळ नसतोच, म्हणून चिंध्या करून भाजीचे देठ आणि शेणाबरोबर थर लावले. एक कुर्ता तेवढा अख्खाच आत गेला. ढीग साठ अंशांपर्यंत तापला, दर चार दिवसांनी फावड्याने उलटला. पाच महिन्यांनी उपसताना हाताला जाळं लागलं. कापड पार मातीत मिसळलेलं, पण गळ्याची, बाह्यांची, काजांची शिलाई कुर्त्याच्या आकारात जशीच्या तशी! दोरा पॉलिस्टरचा होता. दोन चादरी तर मिश्र धाग्याच्या निघाल्या. त्यांचे बारीक तंतू खतभर पसरले, वेचून संपेनात. ते खत मी एकाही कुंडीत घातलं नाही. पाच महिन्यांची मेहनत वाया गेली, याचा राग अजून आहे.

वायूबद्दलही नीट लिहायला हवं होतं. भाजीपाल्यातला आणि सुतातला कार्बन झाडांनी हवेतूनच घेतलेला असतो, कोळशासारखा जमिनीतून उपसलेला नाही. त्यामुळे तो वायू रोपांना देण्यात हवामानाची फार कमाई नाही. मोठी कमाई आहे ती ढिगाला हवा देण्यात. हवा कोंडली की मिथेन होतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट पृथ्वी तापवणारा ठरतो. शिवाय ढिगातून अमोनियाही येतो. तो आधी काढला नाही तर रोपांची पानं करपतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू अल्केमी इन्स्टिट्यूटने १९८० च्या दशकातच खताची ऊब आणि वायू हरितगृहात वापरून पाहिले होते. त्यांचा अनुभव बातमीत हवा होता.

जाता जाता आणखी एक. आम्ही कापड वेगळ्या पिशवीत बांधून देतो आणि आमच्या भागातली कचरागाडी ती पिशवी आमच्यासमोर ओल्या कचऱ्यात टाकते. तीनदा तक्रार केली, तीनदा ‘बघतो’ ऐकलं. भिजलेलं, सडकं कापड मग कोण निवडत बसणार?

त्या प्रकल्पात दोरा, इलॅस्टिक, चेन, बटणं कोण काढतं, आणि मिश्र कापड कसं ओळखतात? तुमच्या प्रतिनिधीने एवढं विचारून पुढच्या बातमीत छापावं, ही विनंती. आमच्या खड्ड्याशेजारी कपड्यांची चार पोती त्या उत्तरासाठी थांबली आहेत.

आपली,
एक वाचक, पुणे