बूट विकणाऱ्याने पाय तपासू नयेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी आटोपली की नागपुरात धावण्याचे दिवस सुरू होतात. फुटाळा तलावाच्या काठाने, सेमिनरी हिल्सच्या चढावर, रेशीमबागच्या मैदानात, मानकापूर क्रीडा संकुलाच्या ट्रॅकवर पहाटे पाचपासून माणसे दिसू लागतात. मी नोकरीला लागले तेव्हा पहाटे धावणारा म्हणजे पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करणारा पोरगा, हे ठरलेले होते. आता बँकेतले, दवाखान्यातले, दुकानदार, घर सांभाळणाऱ्या बाया, साठी ओलांडलेले आजोबा, सगळे धावतात. क्रीडाशिक्षिका म्हणून उभी हयात मैदानावर घालवली, त्यामुळे हे बघताना ऊर भरून येतो. निवृत्तीनंतर मीही अशाच एका गटात असते. धावते कमी, लोकांचे पाय बघते जास्त.

गेल्या काही हिवाळ्यांपासून या मंडळींच्या तोंडी 'गेट ॲनालिसिस' आले आहे. सरकत्या पट्ट्यावर (ट्रेडमिलवर) पळवून, कॅमेऱ्याने टिपून, पाऊल कसे पडते त्याचा अहवाल देणारी ही तपासणी. छंद म्हणून धावणाऱ्याने ती करून घ्यावी का, हे मला रोज कोणीतरी विचारते. माझे उत्तर असे आहे: काही दुखत नसेल तर पैसे ठेवा. तेच दुखणे पुन्हा पुन्हा उलटत असेल तर जरूर करा. पण ज्याला तुम्हाला बूट विकायचे आहेत त्याच्याकडून करू नका.

हे लिहायला बसायचे कारण आमच्या गटातला एक मुलगा. सक्करदऱ्याला मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवतो. दहा किलोमीटर आरामात धावायचा, कधी कसली तक्रार नाही. हाफ मॅरेथॉनसाठी नवे बूट घ्यायला एका दुकानात गेला. तिथे त्याला पट्ट्यावर चढवले. आयुष्यात पहिल्यांदाच तो पट्ट्यावर धावत होता. मागून दोन मिनिटे चित्रीकरण केले, पडद्यावर घोट्यावरून लाल रेघा ओढून दाखवल्या आणि 'ओव्हरप्रोनेशन आहे', म्हणजे पाऊल फाजील आत झुकते, असे सांगितले. आतल्या बाजूने कडक असलेले महागडे बूट आणि वर आत घालायचे सोल घेऊन तो घरी आला. दुसऱ्या दिवशी मैदानावर मला म्हणाला, "मॅडम, माझे पाय आतमंधी वाकून राहिले म्हणते तो. आता हाफ पळू का नको?"

गेलेल्या पैशांपेक्षा त्याच्या मनात बसलेली भीती मला जास्त लागली. धडधाकट पोराला आपल्या पायात खोट आहे असे वाटू लागले.

पाऊल आत झुकणे हा दोष नाही. जमिनीला टेकताना बहुतेकांची टाच आधी बाहेरच्या कडेवर येते, मग पाऊल आत झुकते, कमान थोडी दबते आणि आदळण्याचा जोर पसरतो. शेवटी अंगठ्याकडून ढकलून पाऊल उचलले जाते. म्हणूनच जुन्या बुटाचा तळ उलटा करून बघा, टाचेची बाहेरची कड झिजलेली सापडेल. ही झीज दाखवून 'माझी चाल बिघडली' म्हणणारे मला अनेक भेटतात. ती बहुतेक सगळ्यांच्याच बुटाला असते.

सपाट पायाला अमुक बूट, उंच कमानीला तमुक, हे गणित वर्षानुवर्षे सांगितले गेले. अमेरिकेच्या लष्कराने, हवाई दलाने आणि मरीन दलाने ते आपल्या भरतीच्या जवानांवर तपासले. एका गटाला पावलाच्या ठेवणीप्रमाणे वेगवेगळे बूट दिले, दुसऱ्या गटात सरसकट एकाच प्रकारचे. 2009 आणि 2010 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पाऊल बघून बूट दिल्याने दुखापती कमी झाल्या नाहीत. पुढे डेन्मार्कमध्ये नऊशेहून अधिक नवशिक्या धावणाऱ्यांना साधे, कोणताही आधार नसलेले बूट देऊन वर्षभर पाहिले. 2014 मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात पाऊल आत झुकणाऱ्यांना जास्त दुखापती झाल्याचे आढळले नाही. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाचे बेनो निग यांनी तर कित्येक दशके या विषयात घालवून शेवटी असे मांडले की, बूट निवडताना पायाला जो आरामशीर वाटतो तोच बरा. चष्म्याचा नंबर काढावा तसा पायाचा नंबर काढून बूट देता येतो, ही समजूतच सोडून द्यायला हवी.

आणि 'आदर्श' चाल म्हणजे तरी कोणती? ब्रिटनची धावपटू पॉला रॅडक्लिफ मान डोलावत धावायची. त्याच मानेसह तिने 2003 मध्ये लंडनला 2 तास 15 मिनिटे 25 सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली आणि तो विश्वविक्रम 2019 पर्यंत टिकला. इथिओपियाचा हैले गेब्रसेलासी लहानपणी पुस्तके हातात धरून शाळेपर्यंत धावायचा. मोठेपणीही त्याचा डावा हात तसाच आखडलेला राहिला. 1996 आणि 2000 च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरची सुवर्णपदके त्याने त्याच हाताने जिंकली. शाळेत मीसुद्धा मुलांचे हात सरळ करायला जाई, पण जो मुलगा दुखल्याखुपल्याविना पळतो त्याच्या अंगाला विनाकारण हात लावायचा नाही, हा माझा नियम होता. वर्षानुवर्षांच्या सवयीने शरीर आपली सोय लावून घेते. ती मोडली की भार दुसरीकडे सरकतो, एवढेच.

आता दुसरी बाजू. आमच्याच गटात एक परिचारिका आहे. सात-आठ किलोमीटरच्या पुढे गेली की उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला चमक यायची. विश्रांती घेतली की बरे, पुन्हा धावली की पुन्हा तेच. बूट बदलून झाले, गुडघ्याला पट्टा बांधून झाला. शेवटी ती खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या एका फिजिओथेरपिस्टकडे गेली. मी सोबत होते.

त्यांनी आधी कॅमेरा काढलाच नाही. कधीपासून दुखते, कुठे धावता, कोणत्या दिशेने, मागच्या दोन महिन्यांत अंतर किती वाढवले, रात्रपाळीनंतर धावता का, हे विचारले. मग एका पायावर उभे करून हळूहळू बसायला लावले. उजव्या पायावर बसताना तिचा डावा खुबा खाली खचला आणि गुडघा आत आला. एका पायावर चवड्यावर किती वेळा चढता येते ते मोजले, दोन्ही बाजूंत फरक निघाला. त्यानंतर दवाखान्यासमोरच्या रस्त्यावर धावायला लावून मोबाईलवरच चित्रीकरण केले. पाऊल शरीराच्या बरेच पुढे पडत होते, गुडघा जवळजवळ ताठ. उपाय दोनच सांगितले: खुब्याचे आणि मांडीचे व्यायाम आठवड्यातून तीनदा, आणि पावले थोडी छोटी करून मिनिटाला होणाऱ्या पावलांची संख्या पाच टक्क्यांच्या आसपास वाढवणे. हिवाळा संपायच्या आत ती न दुखता दहा किलोमीटर धावली.

पावले छोटी करण्यामागे आधार आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील अभ्यासात, 2011 मध्ये, वेग तोच ठेवून मिनिटाला पडणारी पावले पाच ते दहा टक्के वाढवली तेव्हा गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार कमी झालेला दिसला. मात्र मिनिटाला 180 पावले हा आकडा धरून बसू नये. तो 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील धावपटूंची पावले मोजून प्रचारात आला. आपल्या वेगाला आणि उंचीला तो लागू पडेलच असे नाही.

इथे कोणी हाँगकाँगचा दाखला देईल, आणि तो द्यायलाच हवा. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात 320 नवशिके धावपटू होते. अर्ध्यांना पट्ट्यावर धावताना पाऊल किती जोरात आदळते हे समोरच्या पडद्यावर दाखवत हलके पडायला शिकवले. पुढच्या वर्षभरात त्यांच्या दुखापती 62 टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे निरोगी माणसालाही फायदा झाला, मग मी नको का म्हणते? कारण त्यांना कागदी अहवाल देऊन घरी पाठवले नव्हते. दोन आठवड्यांत आठ वेळा बोलावून सराव करून घेतला होता. आणि त्यातही टाच-गुडघ्याची दुखणी घटली तरी पोटरी आणि घोट्यामागच्या शिरेची वाढली. चाल बदलायची तर शिकवणारा माणूस समोर हवा. एकदा चित्र काढून, रेघा मारून चाल बदलत नाही.

पट्ट्यावरच्या तपासणीची आणखी एक अडचण आपल्या शहरात फार जाणवते. पट्टा सपाट असतो, नागपूरचे रस्ते तसे नाहीत. सिमेंटचे रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते केलेले असतात, पाणी वाहून जावे म्हणून. कडेने, रोज एकाच बाजूने धावणाऱ्याचा एक पाय कायम खालच्या पातळीवर पडतो. त्यापुढे गट्टूंची (पेव्हर ब्लॉकची) कड: कुठे खचलेली, कुठे वर आलेली. तलावाला फेऱ्या मारणारे नेहमी एकाच दिशेने, ट्रॅकवर तर डावीकडेच वळणे. एकाच बाजूचा गुडघा किंवा खुबा दुखतो अशी तक्रार घेऊन कोणी आले की मी आधी विचारते, "कुठून कुठे धावता आणि रस्त्याच्या कोणत्या बाजूने?" दिशा बदलून, शाळेच्या मातीच्या मैदानावर दोन-तीन दिवस धावून बघा म्हणते. पुष्कळदा तेवढ्याने निभते. वातानुकूलित खोलीतला कॅमेरा हे दाखवू शकत नाही. शिवाय पट्ट्याची सवय व्हायलाच पाच-सहा मिनिटे लागतात. पहिल्या दोन मिनिटांत दिसते ती घाबरलेल्या माणसाची चाल.

दुखापतीचे खरे कारण बहुतेक वेळा रोजचे अंतर लिहिलेल्या वहीत सापडते. 2025 मध्ये पाच हजारांहून अधिक धावणाऱ्यांच्या घड्याळांतील नोंदी तपासलेला एक मोठा अभ्यास आला. मागच्या 30 दिवसांत सर्वाधिक जेवढे अंतर एका वेळी धावलात, त्यापेक्षा एखाद्या दिवशी दहा टक्क्यांहून जास्त धावलात तर दुखापतीचा धोका वाढतो, असे त्यात दिसले. आपल्याकडे हे दर डिसेंबरात घडते. लग्नसराईत दोन आठवडे बुडतात, स्पर्धा जवळ येते आणि आठ किलोमीटरवाला रविवारी एकदम सोळा करून येतो. सोमवारी नडगी धरून बसतो आणि बुटाला दोष देतो.

म्हणून ज्यांना काही दुखत नाही त्यांनी घरच्या घरी एवढे करावे. मित्राला मोबाईल धरायला लावा, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, स्लो मोशन सुरू. एकदा बाजूने, एकदा मागून, आणि थोडे दमल्यावर पुन्हा. बुटाच्या टाचेवर मधोमध पांढरी चिकटपट्टी लावली की मागून स्पष्ट दिसते. बाजूने बघताना पाऊल गुडघ्याच्या खाली पडते की फार पुढे ते बघा. मागून बघताना कंबर एका बाजूला खचते का, पावले एकमेकांच्या वाटेत येतात का. आवाजही ऐका, एक पाय दुसऱ्यापेक्षा जोरात आपटत असेल तर कानाला लगेच कळते. आणि हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर चित्रीकरण वगैरे सोडून थेट डॉक्टरांकडे जा. ते हाडाला बारीक तडा गेल्याचे लक्षण असू शकते.

आता मागणी. चांगली तपासणी आज खिसा भरलेल्यालाच मिळते. भरतीसाठी धावणारी खेड्यातली पोरे नडगीच्या दुखण्याने वर्ष गमावतात आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही. आपल्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, फिजिओथेरपीचे शिक्षण दिले जाते. तिथल्या विद्यार्थ्यांना धावणारे पाय बघायला मिळाले तर त्यांचाही फायदा आहे. हिवाळ्यात महिन्यातून एका रविवारी, शिक्षकांच्या देखरेखीखाली, मानकापूरच्या ट्रॅकवर नाममात्र शुल्कात शिबिर भरवावे. ज्यांना एकाच जागी वारंवार दुखते त्यांनाच त्यात आधी घ्यावे. स्पर्धा भरवणाऱ्यांनी नोंदणीच्या पैशांतून त्याला हातभार लावावा. प्रत्येक धावणाऱ्याकडे टी-शर्टांचा ढीग झालाच आहे. शिबिराच्या जागी बूट-सोल विकणाऱ्यांचा स्टॉल मात्र नको, ही अट पहिली.

मेडिकलच्या आणि क्रीडा संकुलाच्या अधिकाऱ्यांनी तारीख कळवावी. चित्रीकरणासाठी मोबाईल आणि स्टँड, नोंदीसाठी वह्या आणि रांग लावायला माणसे आमचा गट देईल.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
नंदनवन, नागपूर