दारू दंडाची, कविता शुद्धीतली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पूर्व आशियातील जुन्या विद्वानांच्या मद्यमैफलींचा विषय निघाला, की ‘नशेत सुचलेल्या कविता’ हे वर्णन ठरलेलेच. या मैफलींत खेळल्या जाणाऱ्या खेळांचे नियम मात्र वेगळेच सांगतात. तिथे दारू बहुतेकदा दंडाची असे.

इ.स. ३५३ मध्ये चीनमधील आजच्या शाओशिंगजवळ, लानथिंग येथे प्रसिद्ध सुलेखनकार वांग शीझी यांनी भरवलेली बैठक घ्या. वळणावळणाच्या ओढ्याकाठी पाहुणे बसले. ओढ्याच्या वरच्या अंगाने दारूचा प्याला पाण्यात सोडायचा. तो ज्याच्यापुढे अडेल त्याने कविता करायची. नाही जमली तर तीन प्याले दंड. परंपरेने आलेला हिशेब असा : मंडळी ४२, ११ जणांच्या दोन-दोन, १५ जणांची एक-एक, एकूण ३७ कविता. उरलेले १६ जण दंडाचे धनी. यजमानांचा धाकटा मुलगाही त्यातलाच!

खरी गंमत पाण्यात आहे. ओढा सरळ असेल तर प्याला कुणापुढे थांबतच नाही. उतार जास्त असेल तर तो कलंडतो. वळणावर पाणी मंदावते, घुटमळते, आणि तिथे प्याला अडतो. प्याला कलंडू नये म्हणून उथळ, दोन्ही बाजूंना कानांसारख्या कडा असलेले हलके प्याले वापरत आणि ते काठोकाठ भरत नसत. कोरियात ग्यंगजू येथे सिल्ला राजवटीची अशीच सुमारे २२ मीटरची नागमोडी दगडी पन्हळ आजही आहे. जपानने नियमच फिरवला : प्याला समोर येण्याआधी तांका (पाच ओळींची छोटी जपानी कविता) पूर्ण करायची, मग प्यायचे. दंडाचे बक्षीस झाले.

ओढा नसेल तिथे चिठ्ठ्या. १९८२ मध्ये चीनच्या च्यांगसू प्रांतात थांग राजवटीच्या काळातील (सातवे ते दहावे शतक) चांदीचे कासव सापडले. त्याच्या पाठीवरच्या नळकांड्यात ५० पट्ट्या होत्या. प्रत्येकीवर कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहातले एक वाक्य आणि खाली हुकूम. ‘दूरवरून मित्र यावा, याहून आनंद कोणता?’ या वाक्याखाली मुख्य पाहुण्याला पाच भाग, म्हणजे अर्धा प्याला.

या खेळांत एक खोट आहेच. हरणारा पितो, म्हणून पुढच्या फेरीला आणखी कच्चा पडतो आणि पुन्हा पितो. थांग काळात वीसेक जणांमागे एक प्रमुख आणि त्याच्या हाताखाली दंड ठरवणारे, दंड पाजणारे पंच नेमत, ते उगाच नव्हे.

आपला,
एक वाचक