आत्याची खिडकी दरीकडे वळवणाऱ्या चालकमामांस

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आपले आभार मानू लागले की "असू द्या हो ताई" एवढे म्हणून आपण विषय डिझेलच्या दरावर नेता, आणि समोर भेटलात की मलाच धड बोलता येत नाही. म्हणून हे पत्र चारचौघांनी वाचावे अशा रीतीने लिहीत आहे. आपले नाव त्यात घालू नये ही आपली इच्छा मी पाळली आहे. आपल्या व्हॅनमधून फिरलेली माणसे वाचता वाचता ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

आत्याविषयी आपल्याला पुष्कळ ठाऊक आहे, पण इतरांसाठी थोडे सांगते. तिची सारी नोकरी एस.टी.च्या आगारात कागदपत्रे सांभाळण्यात गेली. तिच्या टेबलासमोरच्या खिडकीतून पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, कुरुंदवाड अशा पाट्या लावलेल्या गाड्या रोज सुटत, आणि पावसाळ्यात कोणत्या मार्गावर पाणी आले, कोणती फेरी रद्द झाली, याच्या नोंदी तिच्या हातच्या असत. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे अख्ख्या कोल्हापूरला पाठ आहे. आत्याला त्याच्या पुढचेही पाठ आहे, म्हणजे पाणी कुठवर चढले की कोणत्या गावची गाडी बंद होते ते. परंतु ज्या गावांच्या पाट्या तिने जन्मभर वाचल्या, त्यांतल्या फार थोड्या गावी तिचे स्वतःचे पाऊल पडले. नोकरी, घर, आजोबांचे दुखणे, मग आम्हा भाचरांची शिक्षणे, यांत हिंडणे राहून गेले. निवृत्तीनंतर निघायचे ठरवले आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली, वॉकर घेऊन ती घरभर फिरते, गाडीत बसू शकते; पायऱ्या आणि चढ मात्र तिला कायमचे बंद झाले आहेत.

आपली गाठ पडण्यापूर्वी आम्ही एका सहल कंपनीच्या बसमधून गेलो होतो. तिचे नाव घेत नाही. नाव घेण्याजोगे त्यांनी काही केलेही नाही. जाहिरात "ज्येष्ठांसाठी निवांत सहल" अशी होती, आणि कार्यक्रम असा की नृसिंहवाडी, खिद्रापूर, जोतिबा आणि पन्हाळा एकाच दिवसात. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला कृष्णाकाठी असलेले खिद्रापूर आणि शहराच्या वायव्येचा पन्हाळा सूर्य मावळायच्या आत उरकायचा, याला निवांत कोण म्हणेल? नृसिंहवाडीला दर्शनाची रांग मोठी निघाली, म्हणून खिद्रापूर वगळले गेले. पन्हाळ्यावर बस सावली पाहून एका भिंतीला खेटून उभी केली, आणि "आजी, तुम्ही बसा, आम्ही येऊन फोटो दाखवतो" असे सांगून मार्गदर्शक बाकीच्यांना घेऊन गेला. आत्याच्या एका अंगाला ती भिंत होती आणि दुसऱ्या अंगाला शेजारच्या बसचे चिखलाने माखलेले चाक. पैसे पुरेपूर घेऊन तोंडाला पाने पुसणे म्हणतात ते हेच. घरी आल्यावर शेजारणीने विचारले, पन्हाळा कसा होता, तर आत्या म्हणाली, "भिंतीचा गिलावा पार निघालाय बघ."

त्यानंतर एका गाडीवाल्याला विचारले, तर त्याने वॉकर बघून भाडे वाढवून सांगितले. तो प्रश्न तिथेच मिटला.

अशा अनुभवांनंतर आम्ही आपल्याकडे आलो, तेव्हा आपण पहिल्यांदा विचारलेत की आत्यांना कोणता पाय सरळ ठेवावा लागतो. किती ठिकाणे करायची, हे आपण विचारलेच नाही. मधल्या बाकावर, डाव्या खिडकीशी, पाय लांब करता येईल अशी तिची जागा आपण ठरवलीत आणि सकाळी ऊन पडल्यावर आपण पन्हाळ्याला निघालो. शिवाजी पूल ओलांडून केर्लीच्या बाजूला लागलो, तेव्हा मागून येणारी प्रत्येक गाडी आपल्याला मागे टाकून जात होती आणि आपण प्रत्येकीला हात दाखवून वाट देत होतात. एका गुऱ्हाळापाशी थांबून आपण आत्याला गाडीतच ताज्या गुळाचा खडा आणून दिलात. वाघबिळाच्या पुढे चढ लागला, तेव्हा वळणावर जरा जरा थांबून खालची शेते दाखवलीत. तरीही तोवर मला वाटत होते की हा एक सभ्य आणि सावकाश गाडी चालवणारा माणूस आहे, एवढेच.

गडाच्या तीन दरवाजापाशी पोचल्यावर आपण जे केलेत, त्यासाठी हे पत्र आहे. गाडी उभी केलीत, तेव्हा आत्याच्या खिडकीतून चहा-कणसाच्या टपऱ्या दिसत होत्या आणि दरवाजा होता आपल्या, म्हणजे चालकाच्या, बाजूला. मी खाली उतरले होते. आपणही उतरलात, गाडीला एक फेरी घातलीत, आत्याच्या खिडकीशी तिच्या डोळ्यांच्या उंचीला वाकून ती बघत होती तिकडे बघितलेत, आणि काही न बोलता पुन्हा चालकाच्या जागेवर बसलात. मागे एक जीपगाडी होती, तिच्या चालकाला विनंती करून ती हलवायला लावलीत. मग पुढे-मागे, पुढे-मागे करत त्या चिंचोळ्या जागेत पूर्ण गाडी उलटी फिरवलीत. उतार होता म्हणून मागच्या चाकाला दगड लावलात, डॅशबोर्डवरचे पिवळे फडके घेऊन काच बाहेरून पुसलीत, सरकता दरवाजा पूर्ण मागे ओढलात आणि म्हणालात, "आता बघा आत्या, निवांत. मी हाय इथंच." आणि आपण इतके दूर जाऊन उभे राहिलात की ती बघत असताना आपण तिच्या नजरेच्या वाटेत येऊ नये.

आत्या बराच वेळ बघत होती. त्या काळ्या दगडांतले कोरीव काम, चौकटीची नक्षी, आतल्या गार अंधारात शिरणारी शाळेची सहल, तिच्यामागून धावणारे मास्तर, हे सारे तिने बसल्या जागेवरून पाहिले. मग तिने मला हाक मारून विचारले की १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा होता, तेव्हा महाराज बाहेर पडले ते इथून का. मी सांगू लागले, तर आपण लांबूनच म्हणालात, "न्हाई, राजदिंडीनं." आणि मग गाडीच्या पायरीवर टेकून शिवा काशिदांपासून पावनखिंडीपर्यंत सगळे सांगितलेत; १३ जुलैच्या त्या झुंजीपाशी आल्यावर आपला आवाज खाली गेला. त्या कंपनीच्या सहलीत मार्गदर्शक मोबाइलवर वाचून दाखवत होता, त्याची मला त्या क्षणी कीव आली.

त्यानंतर दिवसभर प्रत्येक थांब्यावर आपण तेच केलेत. सज्जा कोठीपाशी दरी उजवीकडे होती, म्हणून आणखी पुढे जाऊन वळून आलात. अंबरखान्याशी गंगा, यमुना, सरस्वती ही तिन्ही कोठारे एका रेषेत दिसावीत म्हणून गाडी हातभर मागे घेतलीत. नंतर तर आत्याच सांगू लागली, "मामा, जरा तिरकी." मला हसू येत होते आणि हसता येत नव्हते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले आणि त्यांत आपला पन्हाळा आला, याचा आनंद कोल्हापुरातल्या कोणत्याही माणसाला होईल तसा मलाही झाला. आता गडावर बसगाड्या वाढतील, फलक लागतील, स्वागतकमानी उभ्या राहतील. पण ज्याला उतरता येत नाही त्याला बसल्या जागी काय दिसते, हा प्रश्न एवढ्या मोठ्या समारंभात कोणाला पडला असेल, असे मला वाटत नाही. आपल्याला तो पडला, कारण आपण तिच्या खिडकीशी वाकून बघितलेत. चांगुलपणाविषयी आपल्याकडे फार मोठे शब्द वापरतात, त्याग, सेवा, समर्पण वगैरे, आणि त्या शब्दांना घाबरूनच बहुतेक लोक तो करायच्या भानगडीत पडत नसावेत. आपण केलेत त्याला गाडी चार वेळा मागे घेण्याइतका वेळ आणि थोडे डिझेल लागले. ती बस भिंतीला लावणाऱ्या चालकालाही तेवढेच लागले असते. तो दुष्ट होता असे मी म्हणत नाही; बसमध्ये कोणी उरले आहे, हे त्याच्या लेखी मोजण्यातच नव्हते. अशी माणसे कमी भेटली तर म्हातारपण बरेच सोपे होईल, आणि आपल्यासारखी अधूनमधून भेटत राहिली तरी चालेल, एवढे म्हणून पुढे जाते.

खिद्रापूरची गोष्ट वेगळी होती, कारण तिथे नुसती गाडी वळवून भागणार नव्हते. गळीत हंगाम ऐन भरात होता. शिरोळ तालुक्यात शिरल्यापासून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पुढे, आणि त्यांवरच्या कर्ण्यांतून गाणी अशी की फडातल्या कोल्ह्यांनी गाव सोडावे. दुसरा कोणी असता तर त्याने हॉर्न वाजवून जीव नकोसा केला असता. आपण मात्र रस्ता रुंद होईपर्यंत मागेच राहिलात आणि आत्या उसाचा ताजा वास घेत बसली. कुरुंदवाडच्या पुढे २०१९ च्या महापुराचे पाणी कुठवर आले होते ते आपण दाखवू लागलात, तेव्हा आगारातली आत्या आपल्याला दुरुस्त करत होती, आणि आपण ते मानूनही घेत होतात.

कोपेश्वराच्या देवळाशी आपण आम्हाला गाडीतच बसवून आधी एकटे आत गेलात आणि कोणता उंबरा उंच आहे, कुठे दगड झिजून गुळगुळीत झाला आहे, हे बघून आलात. मग एका दुकानातून खुर्ची मागून आणलीत. एका बाजूने आपण आणि दुसऱ्या बाजूने मी, असे करत तिला स्वर्गमंडपात नेले. अठ्ठेचाळीस खांब, छताच्या मधोमध आभाळाला उघडे असलेले ते वर्तुळ, आणि बरोबर त्याच्या खाली जमिनीत बसवलेली तेवढीच गोल शिळा. उन्हाचा कवडसा त्या शिळेवर अर्धा आला होता. खुर्ची ठेवतानाही आपण ती जरा वळवलीत, म्हणजे मान न मोडता तिला वर बघता यावे. बाहेरच्या अंगाला मंदिर पाठीवर घेतलेले हत्ती आहेत, तेही तिला परतताना थांबत थांबत दाखवलेत. देवासमोर नंदी का नाही, असे तिने विचारले, त्यावर तो नंदी पलीकडे कर्नाटकात येडूरला आहे, इथला देव कोपलेला आहे आणि त्याची समजूत घालायला विष्णू शेजारी बसला आहे, ही कथा आपण सांगितलीत. शिलाहारांच्या काळातले हे देऊळ आणि देवगिरीच्या सिंघण यादवाचा त्यावरचा शके ११३६ चा लेख यांविषयी मी वाचून गेले होते. पण आत्याच्या लक्षात राहिला तो कोपलेला देव. "आमच्या डेपो मॅनेजरसारखा," असे ती म्हणाली आणि गाभाऱ्यासमोरच हसत सुटली.

राधानगरीविषयी थोडक्यात लिहिते. शाहू महाराजांनी १९०७ साली हाती घेतलेले ते धरण, पाणी भरले की आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे. त्यांतले किती उघडले, एवढ्या एका बातमीवर आत्याच्या कितीतरी पावसाळी रात्री जागण्यात गेल्या होत्या. त्या दिवशी सगळे दरवाजे बंद होते. आपण गाडी वळवलीत आणि ती त्यांच्याकडे अशी बघत होती, जशी एखाद्या जुन्या कटकटीच्या माणसाकडे निवृत्तीनंतर बघतात. पुढे दाजीपूरच्या वाटेवर गवा काही दिसला नाही, शेण तेवढे दिसले. त्यासाठीही आपण गाडी थांबवलीत.

पैशांचा विषय आपल्याला आवडत नाही, तरी तो लिहिल्यावाचून राहवत नाही. थांबण्याचे वेगळे पैसे मी देऊ केले तेव्हा आपण म्हणालात, "गाडी उभी असल्यावर तेल कुठं जळतंय ताई?" आपला दिवस मात्र जळत होता. त्या दिवसात आपण आणखी एक भाडे करू शकला असतात, हे मला कळते, आणि आपल्यालाही ते कळत होते.

आता पुढचे. पावसाळा तोंडावर आला आहे, त्यामुळे दसऱ्यापर्यंत आत्या घरीच राहील आणि वर्तमानपत्रातून पंचगंगेची पातळी रोज मोठ्याने वाचेल. त्यानंतर तिला गगनबावड्याला जायचे आहे. मांडुकलीपाशी रस्त्यावर पाणी आल्याची नोंद तिने दरवर्षी केली, पण मांडुकली पाहिलेली नाही, असे तिचे म्हणणे आहे. गगनबावड्यातून उतरायला करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट आहेत. त्यांतल्या कोणत्या घाटात दरी डाव्या खिडकीला येते, हे आपल्याला विचारून ठेवायला तिने मला सांगितले आहे. तेवढे बघून कळवावे. त्या दिवशी सकाळचा चहा आमच्याकडे, घरात बसून घ्यावा. दारात गाडीशी उभे राहून घेतलेला चालणार नाही, हाही निरोप तिचाच आहे.

घरी वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
आत्याची भाची
कोल्हापूर