कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या, गाड्या रंगवणाऱ्या पेंटर मामांना, पॉलिशिंग मशीनच्या निमित्तानं

मामा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही, आणि उद्या शेडसमोर फुकट सल्ला मागणाऱ्यांची रांग लागली तर हातातली कामं बोंबलतील. पण आभार मात्र चारचौघांत मानायचेत, कारण लोकांना गंडवणारेही चारचौघांतच दुकान मांडून बसलेत.

घरच्या गाडीला हौसेनं पॉलिश मारायचं म्हणून कोणी मशीन बघायला निघाला की बाजारात काय ऐकायला मिळतं? ‘१४०० वॅटचं घ्या, एकदम दणकट.’ नाहीतर, ‘मशीन कशाला, घरात ग्राइंडर असेल की, त्यालाच फोमचा पॅड लावा.’ चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो आणि रंगावर रोटरी (पॉलिशिंगचं मशीन) चालवतात ती साधारण १००० ते १८०० वर, एवढंही सांगणाऱ्याला ठाऊक नसतं. त्या वेगात वेल्क्रो वितळतो, फोम फाटून भिरकावला जातो आणि क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जळून खालचा रंग उघडा पडतो, कधी कधी थेट रंगाखालचा सरफेसर दिसतो. एका चकचकीत दुकानात तर मशीनची पाच-सहा खोकी समोर मांडली, पण गाडी कुठली हे कोणी विचारलं नाही.

तुम्ही सुरुवातच गाडीपासून केलीत. रंग कुठला, कुठल्या पॅनलला टचअप झालाय, हे विचारत बॅटरीचा झोत बॉनेटवर तिरका धरलात. झोताभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या बारीक रेषा उमटतात, त्या वॉशिंग सेंटरच्या मळक्या फडक्यानं आणि रोज सकाळी कोरड्याच कापडानं धूळ झटकल्यानं पडलेल्या असतात. त्या क्लिअर कोटच्या वरच्या काही मायक्रॉनांत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, म्हणून मशीननं जातात. नख आडवं फिरवून जिथं अडकलं, तो ओरखडा पेंटरचा. त्याच्यामागं मशीन घेऊन लागायचं नाही. कंपनीचा रंग सगळे थर धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो आणि त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५०. एका जड कटिंगमध्ये, म्हणजे जाड कंपाउंडच्या पेस्टनं वरचा थर घासून काढताना, त्यातले दोन-चार मायक्रॉन जातात, आणि गेलेला थर परत येत नाही. उन्हापासून रंगाला राखतो तो हाच थर, त्यामुळं दर दिवाळीला रबिंग, म्हणजे हेच कटिंग, मारून घेणाऱ्यांच्या गाड्या पाच-सात वर्षांत छपरावर आणि बॉनेटवर पांढरट फुटायला लागतात.

जाडी मोजायचं गेज असलं तरी ते पत्र्यापासून सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं, क्लिअर कोट वेगळा दाखवत नाही. आकडा २०० च्या वर गेला तर बहुतेक दुसऱ्यांदा रंग बसलेला, ५०० ते १००० दिसला तर आत पुट्टी. प्लास्टिकच्या बंपरवर तर आपलं साधं गेज चालतच नाही. आणि जुन्या साध्या पांढऱ्या किंवा लाल गाडीला पॅड लावला नि रंगच पॅडवर यायला लागला, तर वर क्लिअर कोट नाहीच असं समजायचं. तिथं हात आणखी हलका ठेवायचा.

हे सगळं बघून झाल्यावर मशीनचा विषय निघाला.

रोटरीत पॅड बसवायची प्लेट एकाच आसावर गरागरा फिरते. कटिंग जोरात होतं, उष्णताही तेवढीच होते. बॉडी लाइनवर किंवा दाराच्या कडेवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो. तिथं क्षणभर जास्त रेंगाळलं की कारभार आटोपला. कडा वाचली तरी उन्हात बघितल्यावर होलोग्राम, म्हणजे मशीनच्या फेऱ्यांचे चमकते पट्टे, दिसतात. तुमच्यासारख्या बसलेल्या हाताला रोटरी शोभते. हौशी माणसानं पहिलं मशीन ड्युअल ॲक्शनच घ्यावं, हे तुम्ही तुमच्या हातातली रोटरी खाली न ठेवता सांगितलंत, हे मला विशेष वाटलं.

ड्युअल ॲक्शनमध्ये मोटर प्लेटला मधल्या आसापासून सरकवून घुमवते आणि प्लेट स्वतःच्या बेअरिंगवर मोकळी फिरते. घुमण्याच्या त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे थ्रो. बाजारात जास्त करून ८, १५ आणि २१ मिलिमीटरचे मिळतात. खोक्यावर ठळक छापलेले ४००० किंवा ५००० हे आकडे त्या घुमण्याचे असतात. पॅड स्वतःभोवती तेवढा फिरत नाही, त्याच्या जवळपासही नाही. आठचं मशीन स्वस्त आणि फिनिश छान देतं, पण कटिंगला वेळ खातं. एकवीसचं मोठ्या एसयूव्हीच्या सपाट बॉनेटवर झपाट्यानं काम उरकतं. आपल्याकडं मात्र घरोघरी हॅचबॅक. तिचे पॅनल अरुंद, जागोजागी वळणं, पिलर बोटभर. एवढा मोठा थ्रो तिथं पुरता टेकतच नाही. म्हणून ५ इंची प्लेट, १५ चा थ्रो आणि साडेपाच इंची पॅड. पिलर, आरसे आणि बंपरच्या खाचांसाठी जमेल तेव्हा ३ इंची छोटं मशीन. गिअरवर जबरदस्तीनं फिरणारं ड्युअल ॲक्शनही मिळतं आणि ते अडत नाही, पण जास्त तापतं आणि हाताला हिसके देतं. हौस टिकली तर दुसरं मशीन म्हणून त्याचा विचार करावा.

इथपर्यंतचं कुठल्याही माहितगारानं सांगितलं असतं. हे पत्र आहे ते त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटासाठी.

तुम्ही खिशातला काळा मार्कर काढून शेडमधल्या ड्युअल ॲक्शनच्या प्लेटच्या कडेवर एक आडवी रेघ ओढलीत. भंगारातला एक फेंडर टायरवर ठेवलात, मशीन माझ्या हातात दिलंत आणि माझ्या हातांवर तुमचे हात ठेवून दाबलंत. आवाज तोच, थरथर तीच, पण रेघ जागच्या जागी नुसती कापत राहिली. मग भार कमी केलात आणि रेघ फिरायला लागली. ‘ही फिरायला पायजे. थांबली की तू नुसता हात हलवायलाईस.’

मोकळ्या बेअरिंगवरची प्लेट अडते ती दोन कारणांनी: जास्त दाब, नाहीतर पॅड तिरका. अडली तरी मोटर घुमतच असते, म्हणून कानाला आणि हाताला पत्ता लागत नाही. कटिंग मात्र जवळजवळ बंद पडलेलं असतं. मग लोक म्हणतात, मशीन कुचकामी आहे, किंवा आणखी जाडं कंपाउंड आणतात, किंवा आणखी दाबतात. रेघ थांबलेली दिसली की आधी हातातला भार काढायचा, मग पॅड सपाट करायचा, मग स्पीड एक घर वाढवायचा. तरीही अडत असेल तर पॅड जाड आहे किंवा ओला होऊन पिचलाय. पातळ, कोरडा लावायचा. मशीनचं स्वतःचं वजन आणि वर तळव्याचा थोडासा भार, एवढंच लागतं. मार्करची किंमत वीस-पंचवीस रुपये, पण महागडं मशीन विकणाऱ्या कोणी ती रेघ ओढून दाखवली नव्हती.

प्लेटचंही तुम्ही बरं सांगितलंत. आतलं तोल साधणारं काउंटरवेट ठरावीक प्लेटच्या आणि पॅडच्या वजनावर बसवलेलं असतं. पाचच्या मशीनवर सहाची प्लेट चढवली की तोल जातो, हातात मुंग्या येतात आणि बेअरिंग लवकर जातं. पॅड प्लेटपेक्षा थोडा मोठाच हवा, नाहीतर प्लेटची कडा रंगाला लागते. पैशाचा हिशेबही त्यावरूनच करावा: सगळी रक्कम मशीनमध्ये घालून एकाच पॅडवर अख्खी गाडी काढायला गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या पॅनललाच पॅड तापून मध्ये बसतो आणि त्यात साठलेला मळ नवीन रेषा पाडतो. एका गाडीला कटिंगचे तीन-चार आणि पॉलिशिंगचे चार-पाच पॅड, शिवाय पॅड झाडायचा ब्रश, हे धरूनच बजेट करायचं.

कामाची पद्धत लिहीत बसत नाही, ती सगळीकडं मिळते. फक्त जिथं हटकून चुकतं तेवढं. टेस्ट आधी दीड-दोन फुटांच्या चौकोनावर करायची आणि तीही सगळ्यात सौम्य पॅड-पॉलिशनं. जमलं नाही तरच एक पायरी वर. मशीन पॅनलवर टेकवूनच चालू करायचं आणि टेकलेलं असतानाच बंद, नाहीतर कंपाउंड भिंतीपर्यंत उडतं. हात सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर, इस्त्रीपेक्षा सावकाश. आणि निकाल बघायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तिप्पट पाणी घालून पुसून घ्यायचं. कंपाउंडमधलं तेल रेषांत भरून बसतं आणि गाडी आरशासारखी दिसते, दोन धुण्यांत पुन्हा जैसे थे. काही ठिकाणी याच तेलाचे पैसे घेतात, पण तो विषय नको.

कोल्हापूरचं म्हणून एक वेगळं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांकडं रोज जाणाऱ्या पांढऱ्या गाड्या जवळून बघितल्या तर दारांवर आणि डिकीवर बारीक तांबूस ठिपके दिसतात. ते लोखंडाचे कण, रंगात रुतून गंजलेले. शांपूनं जात नाहीत. आयर्न रिमूव्हर मारला की जांभळे ओघळ येतात, मग भरपूर शांपूपाणी घेऊन क्लेच्या मऊ गोळ्यानं घासायचं. हे न करता पॅड फिरवला की तेच कण पॅडमध्ये अडकतात आणि पॉलिशच्या नावाखाली सँडपेपर मारल्यासारखं होतं. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या धुराड्यातून पडणाऱ्या काजळीवर तर कोरडं फडकं टेकवायचंच नाही, आधी पाणी.

मामा, यातलं काहीच तुम्ही विकत नाही. मशीन नाही, पॅड नाही, कंपाउंडही नाही. उलट गाडी रबिंगला तुमच्याकडंच आली असती. तरी हातातला फेंडर बाजूला ठेवून सांगितलंत, आणि मध्ये आलेल्या गिऱ्हाइकाला ‘थांबा जरा, पोरगं शिकायलंय’ म्हणून बसवून ठेवलंत. उद्यमनगरात हे नवीन नाही. लेथवरचा माणूस असो, वेल्डर असो की वायंडिंगवाला, नीट विचारलं तर आपल्या कामातली खोच सांगतो, वर चहा पाजतो. काचेच्या दारामागं एसीत बसून ‘ते तुम्हाला जमणार नाही, आमचं पॅकेज घ्या’ म्हणणाऱ्यांना कसली भीती असते, देव जाणे. उलट स्वतः पॉलिश मारून बघितलेल्या माणसालाच चांगल्या पेंटरच्या हाताची खरी किंमत कळते, आणि तो घासाघीस करत नाही.

आता एक तुमच्यासाठी. तुमच्या रोटरीच्या मागच्या जाळीतून ठिणग्या जरा जास्तच दिसत होत्या, आणि मध्येच आवाज बसत होता. मोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश संपत आलेत. पाच-सहा मिलिमीटरच्या खाली गेले की स्प्रिंगचा दाब पुरत नाही, ते ज्यावर घासतात तो कॉम्युटेटर जळायला लागतो, आणि मग दोन-तीनशे रुपयांच्या कार्बनऐवजी मोटरच्या आत फिरणाऱ्या आर्मेचरचा खर्च येतो. दोन्ही बाजूंचे एकदमच बदला, एकच बदलू नका. मशीनच्या पाटीवरचा मॉडेल नंबर तेवढा सांगून ठेवा, रविवारी जोडी घेऊन येतो. आणि पैशाचं काढायचं नाही.

तुमचा,
राजारामपुरीतला एक हौशी