पडद्यावरचा बाण आपोआप हलला, तर ती मी नाही

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, जे करून झाले आहे ते आधी सांगते आणि कारणे नंतर सांगते, कारण विषयाला फाटे फोडलेले तुम्हाला आवडत नाहीत. घरच्या संगणकावर मी मागे बसवलेला एनीडेस्क हा दुरून संगणक चालवण्याचा प्रोग्राम काल काढून टाकला आहे. यापुढे मला इथून, स्टुटगार्टहून, तुमच्या संगणकात परस्पर शिरता येणार नाही. तुम्हा दोघांपैकी कोणीतरी समोर बसून हो म्हटले, तरच मला आत येता येईल.

तुम्हाला न विचारता हे केले, याचे तुम्हाला वाईट वाटेल हे मला ठाऊक आहे. पोरीला आता आपल्यासाठी वेळ राहिला नाही, असा अर्थ मात्र कृपा करून काढू नका. उलट यात माझा वेळ पूर्वीपेक्षा जास्तच जाणार आहे आणि तो मला हवाच आहे. बाबा नागपूरला दवाखान्यात होते, आई घरी एकटी होती आणि विम्याचे कागद रात्री-अपरात्री शोधून पाठवावे लागत होते, तेव्हा कायमचा पासवर्ड ठेवून केलेली ती सोय गरजेचीच होती. आत्याच्या वेळी कागदांवाचून जे झाले, ते आपल्याकडे होऊ द्यायचे नव्हते. आता बाबा घरी आहेत, हिंडते-फिरते आहेत, आणि ती सोय तशीच चालू ठेवण्याचे कारण उरलेले नाही.

खरे कारण आईशी संबंधित आहे. आई, स्क्रीनवरचा बाण आपोआप हलू लागला की तू "आली माझी पोर" म्हणायचीस, खुर्ची मागे सारायचीस आणि मला काम करू देऊन चहा ठेवायला आत जायचीस. तुझ्या बांगड्यांचा आवाज स्वयंपाकघराकडे जाताना मला इथे ऐकू यायचा आणि किती बरे वाटायचे, ते मी शब्दांत सांगू शकणार नाही. पण गेल्या महिन्यात माझ्या मनात आले, की उद्या एखाद्या चोराने तो बाण हलवला, तरी तू तेच म्हणशील आणि तशीच निर्धास्तपणे आत निघून जाशील. आपोआप हलणाऱ्या बाणाची तुला भीती वाटायला हवी, आणि माझ्यामुळे तुला त्याची माया लागली आहे. म्हणून आता एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेव : तुम्ही परवानगी दिलेली नसताना बाण हलला, तर ती मी नाही. त्याक्षणी राउटरचे बटण बंद करायचे आणि मला फोन करायचा, मग इथे मध्यरात्र असली तरी चालेल.

एनीडेस्क वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण लोकांना फोन करून, बँकेचा किंवा वीज कंपनीचा माणूस असल्याचे सांगून, हाच प्रोग्राम उतरवायला लावायचा आणि मग खाते रिकामे करायचे, हा प्रकार जुना आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने याबाबत बँकांना सावध केले होते. "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल" असे संदेश त्यानंतर कितीतरी लोकांना आले. बाबा पंधरा रुपये भरून गावातल्या लोकांना डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढून देतात, कुणाच्या पी. एम. किसानच्या हप्त्याची चौकशी करतात, म्हणजे आपल्या संगणकावरून पैशांचे आणि दुसऱ्यांच्या कागदांचे व्यवहार होतात. त्याचे दार चोवीस तास माझ्यासाठीसुद्धा उघडे असू नये, असे मला मनापासून वाटते.

आता नवी पद्धत सांगते. ती विंडोजमध्येच आहे आणि तिचे नाव क्विक असिस्ट आहे. मी फोन केला की बाबांनी फोन स्पीकरवर ठेवून माउसच्या शेजारी ठेवावा. मग कंट्रोलची कळ आणि खिडकीचे चिन्ह असलेली कळ एकत्र दाबून धरावी आणि क्यू दाबावा. जी चौकट उघडेल तिच्यात मी सांगेन तो कोड भरायचा. हा कोड दहाच मिनिटे चालतो, म्हणून चष्मा आधीच जवळ असू द्या. त्यानंतर स्क्रीन दाखवायची का, असे तो विचारेल, त्याला हो म्हणायचे. मला माउस हाती हवा असेल तर मी वेगळी विनंती पाठवीन आणि तेव्हा तो तुम्हाला पुन्हा एकदा विचारेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे ऐन वेळी घाबरायला होणार नाही. एखादा प्रोग्राम बसवताना सगळी स्क्रीन मंद होते आणि मधोमध हो की नाही, असा प्रश्न येतो. त्या वेळी माझ्याकडे काहीच दिसत नाही आणि तिथले हो मला इथून दाबताही येत नाही. ते बाबांनीच वाचून दाबायचे आहे. मला ही व्यवस्था फार आवडली. मी लहान असताना तुम्ही ओसरीवर उत्तरपत्रिका तपासत बसायचात आणि गुणांची बेरीज मला करायला द्यायचात. माझी बेरीज झाली, की लाल पेनाने शेवटचा आकडा मात्र स्वतः लिहायचात. शाळेत तुम्हाला गुरुजी म्हणायचे आणि घरी बाबा, हे सांभाळताना माझी किती तारांबळ उडायची! पण त्या बेरजेच्या वेळी तुम्ही दोन्ही असायचात.

तुमच्या रोजच्या वापरात काहीही बदललेले नाही. आईसाठी मोठी केलेली अक्षरे आणि जाड काळा बाण तसाच आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांना बरा वाटावा म्हणून कमी केलेला उजेडही तसाच ठेवला आहे. बाबा गुरुदेव सेवा मंडळाचा हिशेब ज्या फाइलमध्ये लिहितात, ती डाव्या बाजूला जिथल्या तिथे आहे. नातवंडांचे फोटो संगणक उघडताच पूर्वीसारखेच दिसतील. संगणक जुना आहे आणि विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, परंतु १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी मी त्याची नोंदणी करून ठेवली आहे. तेव्हा आताच नवा घेण्याचा खर्च करू नका.

दर रविवारी रात्री आठ वाजता, सामुदायिक प्रार्थना आणि जेवण आटोपल्यावर, मी फोन करीन. तेव्हा इथे दुपारचे साडेतीन झालेले असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून इथली घड्याळे पुढे जातात, म्हणून माझ्याकडे साडेचार होतील, पण तुमचे आठ ते आठच राहतील. काम नसले तरी फोन होईलच.

आता जे सांगते ते ऐकावेच लागेल. फोन नेहमी मी करणार आणि कोड मी देणार. दुसऱ्या कोणीही, अगदी माझे नाव सांगून, असा कोड दिला तर तो भरायचा नाही. मी जोडलेली असताना बँकेचे पान उघडायचे नाही, पैसे भरायचे नाहीत आणि ओटीपी मलाही वाचून दाखवायचा नाही. कोणी पोलीस असल्याचे सांगून व्हिडिओवर अटक केल्याचे म्हणाला, तर फोन ठेवून द्यायचा, कारण डिजिटल अटक असा प्रकार आपल्या कायद्यातच नाही. पैसे गेल्याची नुसती शंका आली तरी आधी १९३० वर फोन करायचा आणि मग मला. वेळ जितका कमी गेलेला असेल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त असते. शेजारच्या काकूंच्या मुलाला मी हे सगळे सांगितले आहे. तो कोड भरायला मदत करील, पण हो कोणी म्हणायचे ते तुम्हीच ठरवा. आणि राउटर इन्व्हर्टरवरच असू द्या. उन्हाळ्यात कूलरसाठी तो प्लग काढू नका.

बाबा, शेतीची लाईन रात्रीची आहे म्हणून हरभऱ्याच्या ओलिताला तुम्ही या थंडीत स्वतः जाता, हे आईने मला सांगितले आहे. तिच्यावर रागावू नका. मोटर सुरू करायला गड्याला पाठवा, त्याचे पैसे मी देते. आई, डोळ्यांत औषध घालायला विसरू नकोस आणि हयातीच्या दाखल्यासाठी बाबांना नेहमीप्रमाणे बँकेतच जाऊ दे. तिथे त्यांना मित्र भेटतात, ते काम संगणकावर आणण्याचा माझा मुळीच आग्रह नाही.

या रविवारी पहिल्यांदा जोडून पाहू. काही चुकले तरी बिघडत नाही, कोड मी कितीही वेळा नवा देऊ शकते.

तुमची,
छोटी